पॅकेजातले शब्द

त्या सकाळी चारुशीलाने ‘क’ दाबला आणि पडद्यावर ‘क’ उमटला नाही. उमटला इंग्रजीतला डी. तिने पुन्हा दाबला. पुन्हा डी. डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली इतकी वर्षं ‘क’ राहत आला होता, आणि आज तिथून कुणी परकंच माणूस दार उघडून बाहेर आलं. बाहेर गॅलरीत तिचे यजमान कृष्णकांत पेपर वाचत होते, खाली मनीषनगरच्या रस्त्यावर संत्रीवाला ओरडत होता, सगळं रोजच्यासारखंच होतं. कॉम्प्युटरच्या मागे खोचलेल्या इवल्याशा चावीतला हिरवा दिवा मात्र लागलेला नव्हता. ती चावी म्हणजे पॅकेजची ओळख. ती खोचलेली असेल तरच पॅकेज उघडायचं, मराठी उमटायचं. काल संध्याकाळी मशीनने आपणहून स्वतःला नवं करून घेतलं होतं, आणि नव्या मशीनला जुनी चावी ओळखू येत नव्हती. पडद्यावर चौकट आली : ही आवृत्ती आता चालणार नाही, कृपया आमचं नवं पॅकेज घ्या. चौकट मिटवून तिने महादेवरावांच्या शब्दकोशाची फाइल साध्याच एका प्रोग्रॅममध्ये उघडली. पानभर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, आणि मधेमधे काहीच नसलेले रिकामे चौकोन. ओळखीचा चेहरा समोर असावा आणि त्यात कुणीच नसावं, असं ते पान तिच्याकडे बघत होतं.

“काय झालं?” कृष्णकांत दारात येऊन म्हणाले. “मराठी गेलं,” ती म्हणाली. आणि मग त्या वाक्याने ती स्वतःच दचकली.

मराठी गेलं नव्हतंच. तिला तोंडाने बोलता येत होतं, हाताने लिहिता येत होतं. पण तिच्या बोटांचं मराठी पॅकेजातलं होतं. नागपूरच्या महाल भागात यमुताईंच्या टायपिंगच्या वर्गात ती पहिल्यांदा बसली तेव्हा यमुताई मुलींच्या हातांवर टॉवेल टाकायच्या. बोटं बघायची नाहीत, बोटांनाच बघू द्यायचं, म्हणायच्या. टॉवेलाखालच्या उबेत बोटांना एकेक अक्षर सापडत गेलं होतं. मग टाइपरायटर गेले, कॉम्प्युटर आले, आणि प्रेमानंदच्या प्रेसमध्ये तिला नोकरी लागली तेव्हा हे पॅकेज आलं. अक्षरांचे वळणदार साचे, पानं लावायचा प्रोग्रॅम, टाइपरायटरसारखाच कीबोर्ड, आणि ती चावी, सगळं एकात एक गुंफलेलं. एक काढलं तर दुसरं चालायचं नाही. “एकदा घेतलं का झालं, बाई,” प्रेमानंद म्हणाला होता, “जन्माची सोय.” खरंच सोय होती. नागपुरात प्रत्येक प्रेसवाल्याकडे तेच होतं, कारण प्रत्येकाकडे तेच होतं. तिने घरी काम सुरू केलं तेव्हाही तिला दुसरं काही घ्यावंसं वाटलं नाही, कारण दुसऱ्या कशात केलेली फाइल प्रेसमध्ये उघडायचीच नाही. मागे एकदा तिने फुकट मिळणारा दुसरा मराठी कीबोर्ड लावून पाहिला होता. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डोळे मिटून मीठ शोधावं तशी बोटं धडपडली. दुपारपर्यंत तिच्या मनगटात कळ आली आणि तिने तो नाद सोडला. त्या दिवशी आपण कशात अडकलो आहोत हे तिला कळायला हवं होतं. पण घर आहे आणि आपण घरात आहोत, यात अडकण्यासारखं काय असतं?

कंपनीला फोन लागला तेव्हा पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. “मॅडम, ती चावीवाली सिस्टीम आता बंद झाली. आता वर्षाच्या वर्गणीवर पूर्ण पॅकेज मिळतं. टायपिंग, डिझाइन, स्पेलिंग, क्लाउड, सगळं त्यात येतं.”

“मला सगळं नको,” चारुशीला म्हणाली. “मला माझ्या जुन्या फाइली उघडून हव्या आहेत. मीच टाइप केलेल्या आहेत त्या.”

“हो मॅडम, पण वेगळं वेगळं मिळत नाही ना आता. आणि फाइल्स आमच्याच फॉर्मॅटच्या आहेत, दुसऱ्या कशात उघडणार नाहीत.”

‘आमच्याच’ हा शब्द ती मुलगी किती सहज म्हणाली. लग्नपत्रिका, निविदा, शाळांच्या स्मरणिका, दिवाळी अंक, कितीकांच्या पीएचड्या तिच्या बोटांतून गेल्या होत्या. त्यातलं तिचं काहीच नव्हतं, हे तिला माहीत होतं. पण महादेवरावांचं काम तसं नव्हतं.

महादेवराव सावनेरजवळच्या एका गावचे. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, आणि शाळा असो-नसो, घरची शेती कधी न सोडलेले. चार-पाच वर्षांपूर्वी कुणीतरी पत्ता दिला म्हणून ते एसटीने आले, खुर्चीच्या कडेवर बसले, आणि म्हणाले, “बाई, मले एक शब्दकोश कराचा हाये. आपल्या बोलीचा. वावरातल्या शब्दायचा.” हस्तलिखित कुठे आहे म्हटल्यावर त्यांनी कपाळावर बोट ठेवलं. “अठी हाये. मी बोलतो, तुमी घाला मशिनीत.” असं काम तिने कधी केलं नव्हतं. पण ते दर आठवड्याला येत राहिले, कधी वांगी घेऊन, कधी हिरवा हरभरा, आणि डोळे मिटून शब्द सांगत राहिले. सांगताना त्यांचा हात हवेत चालायचा. वखर सांगताना हात जमिनीसरशी जायचा, डवरणं, म्हणजे पिकाच्या ओळींमधली कोळपणी, सांगताना दोन बोटांमधून पिकाची ओळ सोडायचा. ती पडद्याकडे बघायची नाही, त्या हाताकडे बघायची, आणि खाली तिची बोटं आपसूक लिहीत जायची. छापून काढलेली पानं ते तपासायचे, ती दुरुस्त्या फाइलीत घालायची आणि पानं रद्दीत जायची. फाइल आहे ना, मग कागद कशाला ठेवायचा. शब्द तिच्या कानातून बोटांत जात होते आणि बोटांतून पॅकेजात. तिच्यात फारसं काही राहत नव्हतं. मनीषनगरच्या दुसऱ्या मजल्यावर धुरा म्हणजे बांध, तास म्हणजे नांगराची रेघ, यांच्याशी तिचा काय संबंध होता? तरी ते निघून गेल्यावर खोलीत मातीचा, ऊन लागलेल्या धोतराचा वास थोडा वेळ राहायचा आणि तिला उगाच बरं वाटायचं.

दिवाळीनंतर महादेवरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं. गेलं म्हणजे, हर्षा, त्यांची सून, फोनवर सांगत होती, “बोलते ना ताई, पण भलतंच बोलते. पाणी पाह्यजे तं चादर म्हणते. मले बंडी म्हणते. अन् म्हटल्यावर त्याहीलेच समजते का चुकलं, मंग रडते.” हा फोन पॅकेज बंद पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी आला होता. सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलं होतं, की त्यांच्या ओळखीचं, त्यांच्या आवडीचं रोज वाचून दाखवा, ऐकता ऐकता शब्द परत येतात कधीकधी. “मामाजीचे शब्द तुमच्यापाशी हायेत ना, ताई. थे काढून द्या ना. आमाले थे कोणालेच नाई येत सगळे.” चारुशीला हो म्हणाली. माझ्यापाशी नाहीत, कंपनीपाशी आहेत, असं सांगायला तिची जीभ उचलेना.

तिने वर्गणी भरली. कृष्णकांत फक्त म्हणाले, “दरसाल?” आणि ती म्हणाली, “दरसाल.” नवं पॅकेज उतरलं, त्याने तिच्या जुन्या फाइली एकेक करून आत घेतल्या, हिरवी रेघ पुढे सरकत गेली, आणि शेवटी महादेवरावांचं पान देवनागरीत समोर उभं राहिलं. तिने श्वास सोडला. अक्षरं पूर्वीपेक्षा देखणी दिसत होती. इतकं बरं वाटलं की तिने ते नीट वाचलंही नाही. आयुष्यभर मुद्रितं तपासणारी ती, पण त्या दुपारी तिला फक्त अक्षरं बघायची होती. तिने पहिली पानं छापली, पिशवीत घातली आणि सावनेरची बस धरली. कोराडीच्या धुराड्यांवर थंडीतलं पांढरं आभाळ टेकलेलं होतं. बसमध्ये ती मनाशी म्हणत होती, झालं, सुटलं एकदाचं. अडकलेलं सोडवून नेतो आहोत असं वाटायला लागलं की माणसाला आपण भले वाटतो.

महादेवराव पडवीत खाटेवर बसले होते. उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा असावा तसा ठेवलेला. तिला पाहून त्यांचा चेहरा डाव्या बाजूने उजळला. “या... या... कोपर,” ते म्हणाले, आणि मान हलवून स्वतःवरच चिडले. “बाई म्हणून राह्यले ते,” हर्षा हळूच म्हणाली. “बसा, ताई.” लांब कुठेतरी खाणीत सुरुंग उडाला आणि पडवीचे पत्रे थोडे थरथरले. कोणाचं लक्ष गेलं नाही.

चारुशीलाने पानं काढली. घसा खाकरला. आणि वाचायला लागली, जसं ते सांगायचे तसं, शब्द, अर्थ आणि वाक्य. “आंदण. गावातून शेताकडे जाणारा बैलगाडीचा रस्ता. बंदी आंदणातून निघाली.” तिच्या कानाला काहीतरी खुपलं, पण ती पुढे गेली, वाचण्याला वेग होता. “अखेर. गावाबाहेरची, गुरं जमायची मोकळी जागा. गाई अखेर उभ्या राहिल्या. निंदा. पिकातलं तण काढणं. बाया निंदेला गेल्या.” तिने मान वर केली. महादेवराव तिच्याकडे बघत होते. ती नजर ती जन्मात विसरणार नव्हती. राग नव्हता त्यात, भीती होती. त्यांनी डावा हात उचलून आधी ओठांना लावला आणि मग, अगदी सावकाश, कानाला. मग हर्षाकडे पाहिलं. तोंडातलं गेलं होतं, आता कानातलंही चाललं, असं त्यांना वाटत होतं. आपले शब्द आपल्याला चुकीचे ऐकू येत आहेत, असं त्यांना वाटत होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायचं हेही त्यांना सुचत नव्हतं.

“थांबा, ताई,” हर्षा पुढे होऊन म्हणाली. “हे काय वाचून राह्यल्या तुमी? पांदण ना वं माय. पांदण. आंदण नाई. बंडी. बंदी कायची?”

चारुशीलाने पान बघितलं. आता पहिल्यांदा तिने ते वाचलं. पांदणचं आंदण झालं होतं, बंडीची, म्हणजे बैलगाडीची, बंदी, आखरचं अखेर, निंदणाची निंदा. तुलेचं तुला, मलेचं मला, आणि ‘का’ विचारणाऱ्या काहूनचं सगळीकडे काढून. नव्या पॅकेजात स्पेलिंग होतं, सगळ्यासोबत आलेलं, न मागता, आणि त्याने आत घेता घेता महादेवरावांची बोली सुधारली होती. जो शब्द त्याला माहीत नव्हता त्याला त्याने जवळचा, सभ्य शब्द दिला होता. पाणी पाहिजे तर चादर. झटका आलेल्या मेंदूसारखा तो प्रोग्रॅम नेमकं जवळचंच काहीतरी चुकीचं बोलत होता, फक्त त्याला चूक कळत नव्हती आणि रडूही येत नव्हतं. पानं तिच्या हातात जड झाली. ती खाटेजवळ खाली बसली, महादेवरावांच्या गुडघ्याशी, आणि म्हणाली, “सर, तुमचे कान ठीक आहेत. माझा कागद चुकीचा आहे. ऐकताय ना? कागद चुकीचा आहे.” तिने ते दोनदा, तीनदा सांगितलं. त्यांनी ते मानलं की नाही, तिला कळलं नाही. परतीच्या बसमध्ये तिने पिशवी पायाशी ठेवली, मांडीवर घेतली नाही.

“ते ऑटोमॅटिक आहे, मॅडम,” दुसऱ्या दिवशी कंपनीची गोड मुलगी म्हणाली. “जुनी फाइल कन्व्हर्ट होताना करेक्शन होतंच. बंद करायचा पर्याय संस्थांच्या पॅकेजमध्ये असतो.” आणि वर्गणी थांबवली तर? चारुशीलाने विचारलं. “मग क्लाउडमधल्या फाइल्स काही काळाने निघून जातात. पण थांबवायची कशाला, मॅडम? आणखी कशात तुमचं काम होणार?” ती खोटं बोलत नव्हती. प्रेमानंदचा मुलगा आता प्रेस बघत होता आणि त्याला नव्याच पॅकेजातली फाइल हवी होती. शाळांना तीच हवी होती. चारुशीलाने वर्गणी थांबवली नाही. थांबवता येत नव्हती. भांडावं असं समोर कुणी नव्हतं, फक्त एक गोड आवाज होता आणि त्याच्यामागे एक दार, जे फक्त आत यायला उघडं होतं.

दिवस असेच गेले. संक्रांत झाली. ती सकाळी प्रेसचं काम करायची आणि दुपारी ते जुनं, खऱ्या फाइलीचं पान उघडून बसायची, इंग्रजी अक्षरांचं, कंसांचं, रिकाम्या चौकोनांचं. का बसते ते तिला सांगता आलं नसतं. आजारी माणसाच्या उशाशी बसावं तशी. एका दुपारी बाहेर ऊन गॅलरीच्या कठड्यापर्यंत आलं होतं, कृष्णकांत आत पडले होते, आणि ती पडद्याकडे नुसती बघत होती. ओळीत एक डी होता आणि त्याच्यापुढे जे. तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट हललं. मग उजवी तर्जनी. टेबलाच्या लाकडावर, कीबोर्ड नसलेल्या जागी. क. र. कर.

तिने पुन्हा बघितलं. पुढची चार अक्षरं. बोटं गेली. ‘वावर’, बोटं म्हणाली. ती अक्षरं म्हणजे तिने दाबलेली बटणंच होती, तिच्याच हातांचे ठसे, कंपनीने वरचं कातडं काढून नेल्यावर उरलेले. डोळ्यांनी वाचताच येत नव्हतं, डोळे अडखळत होते. पण डोळ्यांनी बघून बोटांना सोडलं की बोटं वाचत होती. तिने खण उघडून कोरे कागद काढले. टेबलावर डावीउजवी बोटं टेकवायची, ऐकायचं, आणि मग पेनाने लिहायचं. एक शब्द, मग दुसरा. बंडी पांदणीतून निघाली. गाई आखरात उभ्या राह्यल्या. बोटं सांगत होती आणि त्यांच्या मागे, अगदी खोल, महादेवरावांचा आवाजही होता. हवेत चालणारा तो हात तिला दिसला. तिला रडू आलं, पण लिहिणं थांबलं नाही. इतकी वर्षं ज्याने तिला बांधून ठेवलं होतं तेच आता तिला आत नेत होतं, आणि याबद्दल आनंद मानावा की लाज, हे तिला ठरवता येईना. कृष्णकांत उठून दारात आले. “चहा टाकू?” ते म्हणाले. तिने मान हलवली. हो की नाही, तिलाही समजलं नाही. त्यांनी टाकला.

सगळं मात्र हाती लागलं नाही. दोन-तीन बटणं मिळून होणारी अक्षरं त्या साध्या प्रोग्रॅममध्ये नुसते चौकोन झाली होती, सगळे सारखेच. एका चौकोनामागे कुठलंही अक्षर असू शकत होतं. वाक्यातल्या ओळखीच्या शब्दांचा अंदाज करता आला, पण जिथे शब्दच कोशातला होता, तिथे बोटं टेबलावर उचललेली राहायची, पाण्यात पाय टाकायला घाबरल्यासारखी. एकेकाळी हा शब्द तुझ्यातून गेला आहे, ती बोटांना म्हणायची. बोटांना आठवायचं नाही. तिथे तिने कागदावरही चौकोन काढला आणि पुढे गेली.

माघात ती पुन्हा सावनेरला गेली. या वेळी तिने हर्षाला आधी फोन करून सांगितलं होतं, हाताने लिहून आणते आहे, पानं थोडी आहेत आणि मधे रिकाम्या जागा आहेत. “चालते, ताई,” हर्षा म्हणाली. “रिकामं तं रिकामं. त्या दिवशीसारखं नको.” महादेवराव खाटेवर होते, पण आडवे, भिंतीकडे तोंड करून. तिला पाहून ते उठले नाहीत. पानांचा आवाज ऐकून त्यांनी डोळे मिटून घेतले. चारुशीलाला वाटलं, परत जावं. हर्षाने बसायला मोढा आणून ठेवला, म्हणून ती बसली, आणि हळू, फार हळू वाचायला लागली. “पांदण. गावातून वावराकडं जाणारा बंडीचा रस्ता. बंडी पांदणीतून निघाली.” पाठ तशीच होती. “आखर. गावाबाहेरची, ढोरं जमाची मोकळी जागा.” मग खांदा थोडा सैल झाला. तिसऱ्या का चौथ्या शब्दाला त्यांनी मान वळवली, आणि पाचव्याला ते तिच्या ओठांकडे बघायला लागले, मूल बघतं तसं, पडताळून. त्यांच्या चेहऱ्यावरची ती कानांबद्दलची भीती हळूहळू उतरताना तिला दिसली. हर्षा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि मधूनच “हाव” म्हणत होती, जशी ती कुणाच्या बोलण्याला म्हणाली असती.

मग एक नोंद आली जिचा शब्दच गेला होता. चारपैकी तीन चौकोन होते, त्यांच्यात एकटा र, आणि पुढे अर्थ तेवढा नीट आला होता. चारुशीलाने तो होता तसा वाचला. “कापसाचा शेवटला वेचा झाल्यावर पऱ्हाटी उपटत नाईत, पाणी देऊन तशीच उभी ठेवतात, अन् तिले मागून जे बोंडं येतात, त्याले म्हणतात...”

ती थांबली. पुढे तिच्याकडे काही नव्हतं. तिने कागदावरून नजर वर केली ती केवळ शरमेने, पान उलटायच्या आधी.

महादेवरावांचे ओठ हलत होते. डावा हात खाटेच्या कडेला घट्ट धरला होता. गळ्यात शीर उभी राहिली, काहीतरी वर चढत होतं आणि पुन्हा खाली घसरत होतं. हर्षा पुढे आली, पण चारुशीलाने हाताने तिला थांबवलं. आणि मग वाकड्या तोंडातून, जाड पण स्पष्ट, तो शब्द बाहेर पडला.

“फरदड.”

त्यांनी स्वतः तो ऐकला. पडताळला. “फरदड,” ते पुन्हा म्हणाले, या वेळी थोडं चिडून, हे तर कोणालाही माहीत असतं अशा आवाजात.

“हाव, मामाजी,” हर्षा म्हणाली, आणि तिचा आवाज भलतीकडेच गेला. तिने तोंडाला पदर लावला. “फरदडच म्हणते त्याले. आपल्या वावरात उभी हाये ना आता.”

चारुशीलाने पेनाचं टोपण काढलं. शब्द लिहून झाला तेव्हा महादेवराव उशीला टेकून बसले होते. “चादर,” ते म्हणाले. हर्षाने पाण्याचा गडू दिला. त्यांनी पाणी प्यायलं, ओठ पुसले, आणि डाव्या हाताचं बोट कागदाकडे केलं. पुढे.

पुढच्या ओळीतही एक चौकोन होता. चारुशीलाने तिथपर्यंत वाचलं आणि थांबली.